मी भालेराव बोलतोय

भालेराव काकांना काळजी करायला कारण लागत नसे. लिफ्ट बंद पडली की काळजी होतीच, पण ती वेळेवर आली तरी ते आत शिरण्याआधी क्षणभर थबकत आणि तिच्या आवाजाकडे कान देत. पाण्याचा टँकर आला नाही तर उद्याचं काय, आणि आला तर हे पाणी कुठल्या बोअरचं? मेलबर्नला असलेल्या मुलाचा, संदीपचा, फोन आला नाही तर तिकडे काही झालं असेल, आणि अवेळी आला तर नक्कीच झालं असेल.

पुण्याहून आम्ही बेंगळुरूला आलो आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर घेतलं. टेम्पोतून सामान उतरत होतं तेव्हा समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि मनगटापर्यंत बटणं लावलेल्या शर्टातले एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ बाहेर आले. त्यांनी नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. आमच्या गॅसच्या शेगडीकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, "ही नळी कधी बदलली होती?"

मी निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हळूच म्हणाले, "यांना काय करायचंय?"

"करायचं काही नाही," ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "पण स्फोट झाला तर आमचं दार समोरच आहे."

आतून कुणीतरी खळखळून हसलं. पदराला हात पुसत एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई बाहेर आली. "अहो, माणसांना आधी चहा तरी विचारा. नळी कुठे पळून जात नाही." या रत्नमाला काकू. त्या दिवशीचं आमचं पहिलं जेवण त्यांच्याकडेच झालं. काकांनी मात्र दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन नवी नळी आणून दिली.

दोघं मूळ नगर जिल्ह्यातले. दोघांच्या घरात कित्येक पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म, आणि बोली अगदी तिकडची. काकांचं स्वतःचं नाव सॅम्युएल, पण ते कुणी घेत नसे. वॉचमन आणि भाजीवाले त्यांना 'राव सर' म्हणत, कारण दारावरची पाटी वाचून सगळ्यांची समजूत झाली होती की 'भाले' हे नाव आणि 'राव' हे आडनाव. तरुणपणी नोकरीसाठी ते इकडे आले आणि बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात ब्रेकचे भाग तपासण्याच्या खात्यात निवृत्त होईपर्यंत राहिले. तिथे संशय घेणं हेच त्यांचं काम होतं. "चांगलं दिसतंय म्हणजे तू नीट बघितलं नाहीस," असं ते हाताखालच्या मुलांना सांगत, आणि घरी आल्यावर तेच वाक्य दूध, औषधं, विमा आणि आभाळ यांनाही लावत.

नाताळात त्यांच्याकडे करंज्या, चिवडा, अनारसे, सगळा फराळ होई आणि ताटं भरून आमच्याकडे येई. गॅलरीत कागदाची मोठी चांदणी टांगत. पहिल्या वर्षी काकांनी ती लावली आणि मग वायर तापते का बघायला दर थोड्या वेळाने उठायला लागले. कागद, दिवा आणि वारा, तिन्ही एकत्र बघून त्यांना चैन पडेना. शेवटी त्यांनी आतला बल्बच काढून टाकला. पुढे सगळी वर्षं आमच्या मजल्यावर बिनदिव्याची चांदणी असायची. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्याकडे तारा दिवसा बघायचा असतो."

काकू काळजी करत नसत असं नाही. पण त्यांची पद्धत वेगळी होती. संध्याकाळी सात वाजता त्या हॉलमध्ये बसून मोठ्याने प्रार्थना करत. दार उघडं असे, त्यामुळे आम्हालाही ऐकू येई. पाठ केलेलं काही नसे. शेजारणीशी बोलावं तसं त्या देवाशी बोलत. "देवबापा, आज संदीपला बरं वाटत नव्हतं, तू बघ. खालच्या मजल्यावरच्या आजींचा पाय सुजलाय. आणि ह्यांना आज टँकरची फार काळजी लागलीय, तेवढं ह्यांच्या डोक्यातून काढ." काका समोर हात जोडून बसलेले असत. आमेन झालं की काकू उठून पोळ्यांना लागत. काकांनी पुन्हा टँकरचा विषय काढला की म्हणत, "मी सांगितलंय त्याला. आता तुम्ही मधे मधे करू नका."

काकांना अशी प्रार्थना करता येत नसे. रविवारी दुपारी होसूर रोडजवळच्या एका तमिळ चर्चच्या हॉलमध्ये मराठी मंडळी उपासनेला जमत. तिथे एकेकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची असे. काकांची पाळी आली की ते घसा खाकरत, "आमेन" म्हणत आणि शेजारच्याकडे बघत. सगळ्यांना ते माहीत होतं. पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू, एकदा हसत म्हणाले होते, "भालेराव सुरुवात करत नाहीत, थेट शेवटच करतात."

एकदा माझ्या बाबांना पुण्यात अचानक बायपाससाठी नेलं. बातमी आली तेव्हा निखिल दौऱ्यावर होता. विमानाची तिकिटं नव्हती, आणि असती तरी इलेक्ट्रॉनिक सिटीपासून देवनहळ्ळीचा विमानतळ म्हणजे शहराचं दुसरं टोक. ऑपरेशन सुरू होण्याआधी मी पोचणं शक्यच नव्हतं. मी समोरच्या घरी जाऊन बसले. काका येरझारा घालत मला विचारत होते, सर्जन कोण आहे, त्याने अशी किती ऑपरेशनं केलीत, रक्ताची सोय आहे का. काकूंनी त्यांना खुणेने खाली बसवलं, माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटले.

"देवबापा, मेघनाच्या वडिलांजवळ आज आम्हाला कुणालाच जाता येत नाही. ही इथे अडकलीय. तू तिथे आहेस. तू त्यांच्या उशाशी बस. आणि हिच्याजवळही थोडा बस."

एवढंच. मी त्यांच्या धर्माची नाही, आणि तशी माझ्या धर्माचीही फारशी नाही. पण सकाळपासून अडकलेला श्वास तेव्हा पहिल्यांदा पूर्ण बाहेर गेला. बाबा त्यातून बरे झाले. काकूंनी त्याचं श्रेय स्वतःच्या प्रार्थनेला कधी दिलं नाही, देवाच्या नावावरही मांडलं नाही. नुसतं म्हणाल्या, "बरं झालं बाई."

आणि मग एका सकाळी आमची बेल वाजली ती थांबेचना. काका नेहमी एकदाच बेल दाबत आणि दोन पावलं मागे सरून उभे राहत. त्या दिवशी त्यांचं बोट बेलवरच राहिलं होतं.

"मेघना, ही बोलत नाहीये."

काकू स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या, कपाटाला टेकून. डाव्या हातात निवडायला घेतलेली कोथिंबीर होती. उजवा हात मांडीवर पडला होता, कुणी दुसऱ्याने तिथे ठेवल्यासारखा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डोळे माझ्याकडे बघत होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं.

अँब्युलन्स आली. होसूर रोडवर सकाळची गर्दी होती. वरच्या रस्त्यावरून गाड्या धावत होत्या आणि खाली आम्ही मेट्रोच्या खांबांमधे अडकलो होतो. काका ड्रायव्हरला एकच वाक्य सांगत होते, "अण्णा, स्वल्प बेग." जरा लवकर. तो "सरी सर, सरी सर" म्हणत होता, पण पुढे जायला जागाच नव्हती. प्रत्येक संकट आधीच हेरून ठेवणाऱ्या त्या माणसाला हे संकट मात्र आधी सुचलं नव्हतं. काकूंना रक्तदाबसुद्धा नव्हता. आजारी पडणार ते आपण, असं ते धरून चालले होते. आपल्या मागे हिचं कसं होईल, याची त्यांनी वर्षानुवर्षं काळजी केली होती. उलटं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टर बाहेर आले तेव्हा काकांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. मेंदूतली रक्ताची गाठ किती मोठी आहे, कुठल्या बाजूला आहे, कधी कळेल, बोलणं कधी येईल. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि हिंदीत म्हणाले, "अंकल, आता वाट बघायची."

"वाट बघताना मी काय करायचं?"

डॉक्टर थोडे गोंधळले. त्यांना कुणी असं विचारलं नसावं. "तुम्ही... तुम्ही बसा," ते म्हणाले.

आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. काका बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "तुला प्रार्थना येते का गं?"

"लहानपणी पाठ केलेल्या येतात थोड्या."

"आमच्यात पाठचं चालत नाही. आपल्या शब्दांत करायची असते." ते थांबले. "मला येत नाही. आजवर तीच करायची. माझ्या वाटचीही तीच करायची."

समोरच्या भिंतीवर गणपतीची आणि मेरीची अशा दोन तसबिरी शेजारी शेजारी लावल्या होत्या. आम्ही दोघं तिकडे बघत राहिलो.

काकू जगल्या. घरी आल्या तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि भाषा गेली होती. एकच शब्द उरला होता, 'बरं'. तहान लागली की 'बरं', दुखलं की 'बरं', राग आला की तोच शब्द दात आवळून. कधीकधी त्या रडत आणि रडतानाही 'बरं, बरं' म्हणत, आणि ते ऐकणाऱ्याला सगळ्यात कठीण जाई. काका पाण्याचा पेला पुढे करत, त्या मान हलवत. उशी सरळ करत, त्या मान हलवत. पंखा, खिडकी, चादर, औषध, सगळं करून झालं की दोघं एकमेकांकडे बघत बसत. काय हवं होतं ते त्या दिवसापुरतं राहूनच जाई.

मेलबर्नहून संदीप आला, होता तोवर आईचं सगळं केलं आणि रजा संपल्यावर गेला. निघताना तो लिफ्टपाशी मला म्हणाला, "बाबांकडे बघ जरा. ते काळजीनेच जातील." मलाही तेच वाटत होतं. दिवसा मंजुळा नावाची कन्नड बाई काकूंचं सगळं करायला येई. ती म्हणायची, "अंकल जेवत नाहीत, नुसते घड्याळ बघतात." काका सारखे काकूंच्या श्वासाकडे बघत. श्वास हळू झाला की उठवत, जोरात झाला की मला फोन करत. झोप पूर्ण उडाली होती. गालफडं बसली होती. मनगटावरची बटणं पहिल्यांदाच उघडी दिसायला लागली होती.

एका संध्याकाळी मी डबा द्यायला गेले. सात वाजत आले होते. काकू व्हीलचेअरमध्ये बसल्या होत्या आणि डाव्या हाताने काकांची बाही ओढत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या. काकांनी पाणी दिलं. "बरं." औषध दाखवलं. काकूंनी मान हलवली आणि समोरच्या खुर्चीकडे बघितलं, मग पुन्हा बाही ओढली. मंजुळाच म्हणाली, "प्रेअर, अंकल. टाइम आयतु." वेळ झाली.

काकांचा चेहरा उतरला. ते खुर्चीवर बसले. घसा खाकरला. मी डबा हातात घेऊन दारातच उभी राहिले, कारण आत जाणंही बरं दिसत नव्हतं आणि परत फिरणंही. काकूंनी डोळे मिटले होते.

"देवबापा," काका म्हणाले, "मी भालेराव बोलतोय."

मंजुळाने माझ्याकडे बघितलं. काका पुढे बोलत होते, फोनवर तक्रार नोंदवावी तशा आवाजात. "इलेक्ट्रॉनिक सिटीतून. रत्नमालाचा नवरा. तिला तू ओळखतोस. ती आता बोलू शकत नाही म्हणून मी बोलतोय. मला याची सवय नाही. तिला काय हवं असतं ते मला कळत नाही. आज दुपारी ती रडली, का ते कळलं नाही. तुला कळलं असेल तर तू बघ." त्यांनी पुन्हा घसा खाकरला. "खालच्या आजींचा पाय कसा आहे ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. उद्या विचारतो. आमेन."

"बरं," काकू म्हणाल्या. आणि त्या हसल्या, अर्ध्या तोंडाने.

त्यानंतर रोज सात वाजता 'मी भालेराव बोलतोय' सुरू झालं. सुरुवातीला ती प्रार्थना म्हणजे काकांच्या सगळ्या काळज्यांची उजळणी असे. बेडसोर, फिजिओथेरपी, इन्व्हर्टरची बॅटरी, मेलबर्नची थंडी. काही दिवसांनी ती पाठपुराव्यावर आली. "देवबापा, हाताबद्दल सांगितलं होतं. फरक नाही." मग चिडचिड सुरू झाली. एकदा आमच्या हॉलमध्ये स्पष्ट ऐकू आलं, "तिने जन्मभर तुझ्याशीच बोलणं केलं, आणि तू तिचं बोलणंच काढून घेतलंस. कुणाचं काढायचं होतं तर माझं होतं ना." निखिलने टीव्हीचा आवाज बंद केला. काकूंचा 'बरं'सुद्धा ऐकू आला नाही. मला वाटलं, संपलं, आता हे बंद पडणार.

दुसऱ्या दिवशी सात वाजता पुन्हा आवाज आला. थोडा बसलेला. "मी भालेराव."

बदल नेमका कधी झाला ते मला सांगता येणार नाही. प्रार्थना छोट्या होत गेल्या, इतकंच लक्षात आलं. एका दुपारी मी काही कामाने गेले तर काका काकूंच्या पलंगाशेजारी खुर्चीत गाढ झोपले होते, तोंड किंचित उघडं. भरदुपारी झोपलेले काका मी तोपर्यंत पाहिले नव्हते. काकू जाग्या होत्या. त्यांनी मला बघून डावा हात ओठांकडे नेला, गप्प राहा म्हणून.

पुढे एकदा लिफ्ट बंद होती आणि आम्ही जिन्याने बरोबर वर चढत होतो. लिफ्टविषयी एक शब्दही न बोलता ते चढत होते. न राहवून मी उगाच म्हणाले, "काकू होतील बऱ्या, काका."

"नाही होणार," ते म्हणाले. आवाजात कडूपणा नव्हता. "डॉक्टरांनी सांगितलंय मला."

"मग तुम्ही रोज मागता काय?"

ते पायरीवर थांबले, कठड्याला धरून. "आधी मागायचो. खूप मागितलं. एके दिवशी मागून मागून थकलो आणि नुसताच बसून राहिलो. उठायचंही जिवावर आलं. तेव्हा वाटलं, कुणीतरी ऐकतंय. उत्तर नाही काही. पण ऐकतंय." थोडा वेळ त्यांनी दम खाल्ला. "हे बघ, हिला उत्तर देता येत नाही. म्हणून ही ऐकत नाही असं मी म्हणेन का? मग त्याच्याबद्दल तरी कशाला म्हणू?"

मला ते पटलं होतं की नव्हतं, ठाऊक नाही. पण त्या दिवशी चौथ्या मजल्यापर्यंत चढून आल्यावर माझ्यापेक्षा त्यांना कमी दम लागला होता, हे खरं.

काकूंना घास गिळायला त्रास व्हायला लागला. एकदा पेज श्वासनलिकेत गेली आणि न्यूमोनिया झाला. पुन्हा तेच हॉस्पिटल. दोन-तीन दिवसांत ऑक्सिजन पुरेना. सकाळी डॉक्टरांनी काकांना बाजूला बोलावलं. निखिल आणि मी सोबत होतो. "अंकल, आता व्हेंटिलेटरचं ठरवायला लागेल. लावला तर थोडे दिवस निघतील. त्यातून त्या परत येतील असं मला वाटत नाही. पण निर्णय घरच्यांचा."

संदीप फोनवर होता. तो रडत ओरडत होता, "बाबा, लावा. काहीही करा. मी तिकीट काढतोय. मी येईपर्यंत तरी."

काकांनी सगळं ऐकलं. डॉक्टरांना एकच विचारलं, "तिला त्रास होईल?"

"लावला तर झोपेचं औषध देऊ. पण हो, शरीराला त्रास असतो."

"मला थोडा वेळ द्या."

ते बाकड्यावर जाऊन बसले. आजूबाजूला माणसं, चहावाला, कुणाचं तरी रडणारं बाळ. काकांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले, मोठ्याने नाही, पण मला ऐकू येईल इतक्या आवाजात. "देवबापा, मी भालेराव. मला ठरवता येत नाही. जे ठरवीन ते चुकीचंच वाटणार आहे मला. आज वाटेल, मरेपर्यंत वाटेल. ते वाटणंही तूच सांभाळ. माझ्याने होणार नाही."

शांत वगैरे अजिबात दिसत नव्हते ते. पण उठले, आणि डॉक्टरांना म्हणाले, "मशीन नको." मग फोन घेतला. "संदीप, नाही लावत आहे. तू मला बोल, काय बोलायचं ते बोल. तुला यायला जमलं असतं तर तू आला असतास, हे तिला कळतं." काका फोन कानाला लावून उभे होते. मुलाचं रडणं संपेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

त्यांना आत काकूंजवळ बसू दिलं. काकू दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. संदीपचं विमान तेव्हा वाटेत होतं.

दफनाच्या वेळी मराठी मंडळीतली सगळी माणसं होती, इमारतीतले लोक होते, मंजुळाही होती. पाळकसाहेबांनी शेवटी विचारलं, कुणाला प्रार्थना करायची आहे का. सगळ्यांनी काकांकडे बघायचं टाळलं. काकाच पुढे आले. मातीकडे बघत म्हणाले, "हिला नीट सांभाळ. ती आता तुझ्याशी बोलेल. खूप दिवसांचं साठलेलं असेल." आणि मागे सरून संदीपच्या खांद्याला धरून उभे राहिले. तेव्हा मात्र ते फार रडले. संदीपला त्यांना सावरता येईना. तोही त्यांच्याबरोबर खाली मातीत बसला.

संदीपने त्यांना बरोबर नेण्याचा आग्रह केला. ते "येईन मागाहून" म्हणाले. एकट्याने राहायला लागले. मी जाऊन-येऊन असे. एकदा मुद्दाम विचारलं, "काका, काळजी गेली का हो खरंच?"

"जाते कुठली? येते. सकाळी उठल्या उठल्या येऊन बसते." चहाचा कप त्यांनी नळाखाली धरला. "पूर्वी मी तिच्यासमोर दिवसभर बसायचो. आता तिला ऐकून घेतो आणि वर सांगून टाकतो. मग ती बसली तरी बसू दे, मी कामाला लागतो." कप उपडा ठेवताना म्हणाले, "एकटेपणाचं मात्र काही करता येत नाही गं. तेही सांगतो रोज. ते तसंच आहे."

वर्षभराने निखिलची नोकरी बदलली आणि आम्ही शहराच्या उत्तरेला, देवनहळ्ळीच्या बाजूला राहायला गेलो. एकाच गावात असून भेटणं दुर्मीळ झालं. फोन होत, सणाला होत, मग तेही कमी झाले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असंच, कामासाठी होसूर रोडने जाताना. टॅक्सी सिग्नलला उभी होती. डाव्या हाताला एका हॉस्पिटलसमोर बसस्टॉप होता आणि गर्दीत काका उभे दिसले. केस पूर्ण पांढरे झाले होते, पाठ आणखी वाकली होती. त्यांच्यासमोर कारखान्याच्या निळ्या कपड्यांतला एक माणूस मान खाली घालून उभा होता, चाळिशीचा असेल. काकांनी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता. दोघांचे डोळे मिटलेले. काकांचे ओठ हलत होते. कुठल्या भाषेत बोलत होते कोण जाणे. त्या माणसाची तर मराठी नसणार. बस आली, कंडक्टर हाका मारत होता, लोक त्यांना धक्के देत चढत होते. ते दोघं जागचे हलले नाहीत.

मी काच खाली करून "काका!" म्हणून हाक मारली. हॉर्नच्या आवाजात ती बुडून गेली. ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, "निल्लिस्ला, मॅडम?" थांबवू का? मी नको म्हटलं. मध्ये जाऊन मी काय केलं असतं?

सिग्नल सुटला. मी मागे वळून बघत राहिले. बस निघून गेली होती आणि स्टॉपवर आता ते दोघंच उरले होते. त्या माणसाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं आणि ते त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.